पोट फाडून घेतलेली बादली

लातूरला क्लासच्या गल्लीत कुठंबी जावा, शेषेराव मास्तरचा फोटू हायच. अंगात कोट, हाताची घडी, अन् भवताली डाक्टरीला लागलेल्या पोरापोरींची तोंडं. माझी धाकटी करिश्मा त्याच्याच क्लासला हाय, म्हणून मी हितं एका खोलीत ऱ्हाऊन तिला अन् तिच्या मैत्रिणींना भाकरी थापून घालते. रोज भाजीला जाताना तो फोटू दिसतो. लोक मान वर करून बघतात. मला मातर हसू येतं. ह्या मान्सानं माझ्या रानात जवारी उपटलीय. अन् ती बी धड उपटली न्हाई. मूळ भुईत अन् धांडा हातात.

आता तो पोरं धरतो. तवा केशी धरायचा. केस म्हंजी लेकरं बंद करायच्या आपरेशनचं मानूस. तवा वरनं तसा हुकूमच असायचा. सिस्टर असो, मास्तर असो, तलाठी असो, मार्चच्या आत ठरल्या तेवढ्या केशी आणून घाला, न्हाईतर साहेबाच्या शिव्या खावा. जानेवारी सरली की ही समदी मंडळी वाड्यावस्त्यांनी फिरायची. कुणाच्या घरला दोन लेकरं दिसली की दारात बसकण मारायची.

सरकारनं ह्या कामाला हात कधी आखडता घेतला न्हाई, हे खरं बोलाय पायजे. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला वस्तू वाटायचे. आमच्या वक्ताला रोख द्यायचे, वर न्यायला-आणायला जीप. आता तर म्हणं गड्यांना बाईपरीस जास्ती देतेत. तरी एक गडी तिकडं फिरकत न्हाई. का फिरकत न्हाई ते मला इचारा.

भूकंपाच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. आमचं गाव निलंग्याच्या अंगाला. गणपती शिरवून आलो अन् दमून अंगणातच पडलो, म्हणून आम्ही वाचलो. घर सगळं बसलं. दिस उगवल्यावर माझी सासू धोंडाबाई, मी म्हणायची आत्याबाई, मातीच्या ढिगात शिरली. मालक वरडत व्हते, "माय, भिंत पडंल, भाईर ये!" ती काय ऐकती! धान्य न्हाई, डागिना न्हाई, तिनं पयल्यांदा भाईर काढली ती बादली. लोखंडी, जाड बुडाची, अन् पोटावर सरकारच्या आपरेशनचा लाल तिकोन रंगवलेली. एका अंगाला चेपली व्हती. आत्याबाई तिला पदरानं पुसत म्हणाल्या, "पोट फाडून घेतलीय ही. अशी मातीत टाकू व्हय?"

ही बादली म्हंजी आमच्या घरचा मान. ज्या साली गाड्या भरभरून मानसं आपरेशनला नेली, त्या साली आत्याबाईचं आपरेशन झालं अन् सरकारनं बादली दिली, असं त्या समद्या गावाला सांगायच्या. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. म्हशीची धार त्यातच काढायच्या. मी नवी सून व्हते तवा एकदा त्या बादलीत धुणं भिजवलं, तर म्हातारी दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई.

गावातली दुसरी तसली वस्त म्हंजी नरसिंग तात्याचा रेडू. चामड्याच्या पिशवीतला. तात्या पारावर तो छातीशी धरून बसायचा अन् सांगायचा, "हैद्राबादहून आणलाय, अस्सल." रेडूच्या पाठीवर एक खरवडलेला डाग व्हता. कुणी इचारलं की म्हणायचा, उंदरानं खाल्लंय. लोखंडाला उंदीर कसा खाईल, हे तात्याला इचारायची कुणाची छाती न्हवती. गावातला सगळ्यात वाकड्या तोंडाचा गडी तो.

तर त्या साली आम्ही पत्र्याच्या शेडात ऱ्हात व्हतो. भारत, मधली सुरेखा अन् कडेवरची करिश्मा, अशी तीन लेकरं. रानात जवारी वाळून खडंग झालेली. पाखरं वरनं, उंदरं खालनं. अन् रोजगाऱ्याच्या नावानं शंख! समदं गाव नव्या घरांच्या बांधकामावर जाऊन राहिलं व्हतं. तिथं सावली व्हती, चहा व्हता. आमच्या रानात यायला कुणाला काय पडलंय? मी अन् मालक, दोघंच पात धरून जवारी उपटत व्हतो. मालकाचं नाव पिराजी. आता घेते नाव, कोण काय म्हणतंय!

त्यात मला महिना चुकल्यासारखं झालं. आठ-धा दिस मी कुणाशी धड बोलले न्हाई. करिश्माच्या वक्ताला मी मरता मरता वाचले व्हते. मग एका सकाळी रानातच पाळी आली, मोकळी झाले. तिथंच बांधावर बसून रडले बघा, आनंदानं. अन् मनाशी ठरवलं, बस झालं, आता आपरेशन. पण मी खाटंवर पडले तर जवारी कोण उपटणार? अन् जवारी आवरूस्तवर थांबले, अन् पुन्हा काही ऱ्हायलं तर?

हे कसं कुणाला कळलं काय की! दुसऱ्याच दिशी सिस्टर महानंदा बांधावर हजर. लोह्याकडची, धिप्पाड, पांढऱ्या साडीचा पदर खोचलेली. "नागाबाई, या महिन्यात कॅम्प हाय. मी सोता नेते, सोता आणते."

तेवढ्यात मागनं सायकलची घंटी. शेषेराव मास्तर. आमच्या भारतचा गुरुजी. घामाघूम. "वहिनी, थांबा! सिस्टरला काही कबूल करू नका. भारत माझा विद्यार्थी आहे. या घरावर पहिला हक्क शाळेचा."

"शाळेचा?" सिस्टर कमरंवर हात ठेवून म्हणाली. "ह्या बाईचं बाळंतपण शाळेनं केलं का म्या केलं?"

"ते वेगळं खातं."

"मग हे कुठलं खातं, भूगोलाचं?"

दोघं माझ्या रानात उभं ऱ्हाऊन माझ्या पोटावरनं भांडून राहिले, अन् मी मधी वाकून धाटं उपटून राहिले. डोकं फिरलं माझं. सरळ झाले अन् म्हणलं, "आवं, कुणाचा बी हक्क असू द्या. मी निजले तर ही जवारी तुमचा साहेब उपटणार हाय का? ती पात बघा अन् ही पात बघा. दोघंबी लागा. जो पयला बांधाला पोचंल, त्याची केस!"

मला वाटलं, जातील तोंड वाकडं करून. पण मार्च लई वाईट असतो. सिस्टरनं चप्पल काढली, साडीचा काष्टा मारला अन् पात धरली. मास्तरनं पँट गुडघ्यापतूर दुमडली, हाताला रुमाल गुंडाळला.

तीन दिस चाललं ते. सिस्टर शेतकऱ्याचीच लेक. वाकली की दोन्ही हातांनी सपासप, मुळाची माती पायावर झाडायची अन् पेंढी टाकून फुडं. मास्तर एक धाट धरून मागं झुकायचा, धाट मोडायचं अन् मास्तर ढेकळात बसायचा. पयल्या दिशी फोड आले, दुसऱ्या दिशी फुटले. तिसऱ्या दिशी त्यानं शाळेतली चवथीची पोरं आणली 'परिसर अभ्यास' म्हणून. सिस्टरनं ती पोरं हुसकून लावली. "खेळायचं तर सरळ खेळा, गुरुजी!"

सिस्टर बांधाला लागली तवा मास्तर अर्ध्या पातीत व्हता. हात पुढं करून बघत बसलेला. मला त्याची दया आली, ताक पाजलं. ताक पिऊन मास्तर म्हणतो कसा, "वहिनी, प्रयत्न माझेही झालेत, हे विसरू नका."

दुपारी आंब्याखाली भाकरी खायला बसलो. सिस्टर पिराजीकडं न बघता, भाकरी मोडत, बोलली, "खरं सांगू का? आता गड्याचं बिनटाक्याचं निघालंय. सकाळी जायचं, सांजच्याला घरला. बाईला महिना-दीड महिना वझं उचलता येत न्हाई. गडी आठवड्याभरात उचलतो."

मालकाच्या घशात घास आडकला. खोकत खोकत उठले. "बैलं सुटली वाटतं," म्हणून गेले. बैलं जागच्या जागी रवंथ करत व्हती. मालक त्यांच्या पाठीवर हात फिरवत सांजपतूर तिथंच उभं ऱ्हायले.

सांजला गाडीत पेंढ्या भरू लागलो. मी एक पेंढी उचलली अन् डोळ्याफुडं अंधारी आली, खाली बसले. मालक धावत आले न्हाईत, गाडीच्या चाकाजवळच उभं. तिथनंच म्हणाले, "मी जातो."

"कुठं?"

"कुठं काय! जीपीत."

ते चाकाकडंच बघत बोलत व्हते. "करिश्माच्या टायमाला तुला ह्याच गाडीत घालून निलंग्याला नेलं. तुझं रगत फळीतनं गळत व्हतं, चाकावर पडत व्हतं. म्या एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई. बैलाच्या शिंगाकडं बघून हाकत ऱ्हायलो. भीती वाटत व्हती, मागं बघावं अन् तू नसावीस. आता पुन्यांदा तुला ह्या गाडीत घालून न्यायची माझी हिंमत न्हाई."

रडू आलं मला. लग्नाला बारा वर्सं झाली, ह्या मान्सानं माझ्याशी एवढं लांब वाक्य कधी बोलून दावलं न्हवतं.

"पण गावात कळता कामा नये," ते लगीच म्हणाले. "कळलं तर नरसिंग तात्या पारावर बसू देणार न्हाई. पिराजी ठेचला म्हणतेल. गोऱ्हा ठेचून बैल करतेत तसा."

मग आम्ही दोघांनी, सिस्टरला मधी घेऊन, ठरवलं. जीपीत दोघं जायचं. आपरेशन त्यांचं व्हायचं अन् निजायचं मी.

आत्याबाईला सांगितलं, नागाचं आपरेशन हाय. मला वाटलं व्हतं, म्हातारी आकांत करंल, अजून एक नातू पायजे म्हणंल. पण तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं बघितलं, अन् बादलीत धार काढत म्हणाली, "जावा. रवा हाय घरात. तूप कढवून ठेवते."

जीप महेबूब चाचा चालवायचा. सरकारी दवाखान्याचा डायवर. लई साधा मानूस. जाताना पिराजी फुडल्या शिटावर बसले, येताना मागं आडवं. चाचा खड्डा आला की गाडी हळू करायचा अन् म्हणायचा, "पिराजीभाऊ, संभालो." वेशीजवळ आल्यावर त्यानं जीप थांबवली. "अब बदलो भाई. भाभी, तुम्ही सोजाव. पिराजीभाऊ, तुम उठो."

शेडाफुडं बायका जमल्या व्हत्या. आता आली का पंचाईत! मला उतरवणार कोण? आपरेशन झालेल्या बाईला नवऱ्यानं धरून न्यावं लागतं, समद्यांच्या देखत. मी डोळं मिटून पिराजीच्या खांद्यावर भार टाकला. ते माझ्या कानात म्हणाले, "हळू टाक, बया, जीव जाऊन राहिला माझा!" मी "आई गं" म्हणले. ते बी "आई गं" म्हणले. बायका म्हणाल्या, "बघा, नवऱ्याला किती माया! तिच्यासंगं तो बी कण्हतोय."

मग माझं निजणं सुरू झालं. काय सांगू तुमाला! पत्र्याचं शेड, दुपारी भट्टी व्हायची, तरी मला ते माहेरावानी वाटायचं. दिवसा उजेडी पत्र्याला किती खिळे हायेत ते मला तवा कळलं. सकाळी तुपातला शिरा. दुपारी मऊ भात. आत्याबाई ताट हातात द्यायच्या अन् "सगळं खा" म्हणायच्या, वर काय बोलायच्या न्हाईत. ह्याच हातानं मला सून म्हणून आले तवापासनं पहाटं चार वाजता जात्यावर बसवलं व्हतं.

सिस्टरनं पोटाला एक चिकटपट्टी लावून दिली व्हती. शेजारणी आल्या की मी पदर सरकवून पट्टी दावायची. त्या "बया, बया" करायच्या. मी बी रंगात येऊन सांगायची, कसं कापलं, कसं शिवलं, किती दुखलं. जे आठवत न्हाई ते करिश्माच्या बाळंतपणातलं घालायची. आत्याबाई दारात जवारी पाखडत बसायच्या. त्यांनी पट्टी एकदा बी बघायला मागितली न्हाई. मला तेवढंच बरं वाटलं.

पिराजीचे मातर हाल. पाय फाकवून चालायचे. पारावर इचारलं तर म्हणायचे, काटा मोडलाय. नरसिंग तात्या म्हणाला, "दोन्ही पायात?" "हाव, दोन्ही पायात." खळ्यावर कणसं मोडायची, मळणी करायची, पोती उचलायची. अन् ज्याचं काम आठवडाभर बसायचं, तो उभा. अन् जिला काय झालं न्हाई, ती आडवी. मला खाटंवर पडल्या पडल्या खळ्यातला आवाज यायचा. मन खायचं. एकदा तर उठून जाणार व्हते. तर आत्याबाईच कमर बांधून निघाल्या. लेकाला म्हणल्या, "तू पोतं उचलू नगंस. पायात काटा हाय ना? बस मापाला." अन् साठीची म्हातारी सोता पाट्या उचलू लागली.

एके दिशी करिश्मा खेळता खेळता धाडकन माझ्या पोटावर येऊन बसली. मी हसून तिला वर उचललं, उडवलं, झेललं. मग ध्यानात आलं अन् "मेले, मेले, टाका गेला!" म्हणून बोंब ठोकली. आत्याबाई दारातच व्हत्या. सुपातले खडे येचत म्हणल्या, "उशिरानं दुखतंय व्हय गं तुझं?" अन् पुन्हा खाली मान. मी पट्टीवर हात ठेवून कण्हाय लागले.

पंधरवडा सरला नसंल, तवर निरोप आला. जिल्ह्याचे साहेब येऊन राहिलेत, शाळेफुडं सत्कार हाय, पिराजीच्या घरच्यांनी कुटुंबासगट हजर ऱ्हावं. पिराजी निरोप ऐकून पांढरे पडले. म्हणाले, "मला ताप आलाय." पण शेजारणींना लई हौस. आपल्या नागाचा सत्कार! चालवत कशी न्यायची बाईला? चौघींनी खाट उचलली. मी "नगं, नगं" म्हणतेय, अन् त्या म्हणतेत, "लाजू नगंस." अशी माझी खाटंवरनं मिरवणूक निघाली. मागनं पिराजी पाय फाकवून, त्यांच्या मागं आत्याबाई, हातात बादली. म्हणल्या, "धार काढायची टायम व्हईल, तिकडनंच गोठ्यात जाते."

शाळेफुडं मांडव. साहेब, हार, शाल, नारळ. माईकवर शेषेराव मास्तर. खरी केस सिस्टरची, पण माईक मास्तरचा, अन् हातात साहेबाची यादी. सिस्टर कोपऱ्यात उभी ऱ्हाऊन त्याला हातानं खुणा करून राहिली, नगं बोलू, नगं बोलू. मास्तरला वाटलं, ती वाहवा करतेय.

"बंधू-भगिनींनो!" मास्तर म्हणाला. "बायकांच्या शस्त्रक्रिया रोजच होतात. पण आज सबंध तालुक्यात ज्या एका मर्दानं पुढं येऊन स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली, अन् ज्याच्यासाठी मी स्वतः उन्हातान्हात प्रयत्न केले, ते आपल्याच गावचे... श्री. पिराजी!"

टाळी कुणी वाजवली न्हाई. समदं गाव आधी पिराजीकडं बघू लागलं, मग माझ्या खाटंकडं. ज्या चौघींनी खाट आणली त्या तर माझ्या पट्टीकडंच बघत व्हत्या.

साहेब हसत शाल घेऊन फुडं आले, पिराजीच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. पिराजी उभे. मान खाली, कान लाल. अन् मागनं नरसिंग तात्या वरडला, "आरं, ठेचला की रं! म्हणून पायात काटा मोडला व्हय!"

मांडव फुटला हसण्यानं. जवान पोरं शिट्ट्या मारू लागली. कुणी म्हणलं, "खाट बाईला का गड्याला?" पिराजीनं एकदा माझ्याकडं बघितलं. तसं तोंड म्या त्यांचं कधी बघितलं न्हवतं. मला राग अनावर झाला. काय ते आपरेशन अन् काय ती पट्टी, मी खाटंवरनं ताडकन उडी मारली अन् तात्याच्या अंगावर धावले. "हसतोस काय रं मुडद्या! तुझ्या बायकूला गाडीत घालून नेली व्हतीस का कधी?"

झालं! मी अशी पळताना बघून लोक आणखी हसले. पोटं धरून हसले. माझी बी आता सुटका न्हाई, पिराजीची बी न्हाई. म्हणलं, संपलं. ह्या गावात आता तोंड काढायला जागा न्हाई.

तवर ठण्ण्‌ करून आवाज झाला. आत्याबाईनं बादली मांडवाच्या मधोमध आपटली.

"नरसिंगा," त्या म्हणल्या. आवाज चढवला न्हाई. "रेडू आणलाय का संगं?"

तात्याच्या छातीशी रेडू व्हताच. त्यानं तो धोतराच्या घोळात घेतला.

"पाठीवरचा डाग दाव की साहेबाला. काय खरवडलंस तिथं? लाल तिकोनच ना? माझ्या बादलीवर हाय तोच?"

तात्या म्हणला, "वैनी, तो इषय येगळा..."

"कसला येगळा! एकाच ट्रकात गेलाव तुमी. फुडं माझा मालक धोंडप्पा, त्याच्या बाजूला तू. अन् बाकीच्यांची नावं घेऊ का? शेरडागत बसला व्हताव धा-बारा जण. माघारी आलाव ते पाय फाकवून. समद्यांच्या पायात काटं! अन् आमी बायका तुमच्या जागी खाटंवर निजलाव, गावाला सांगितलाव, आमचंच पोट फाडलं म्हणून. तुमची मान खाली व्हऊ नये म्हणून! वीस वर्सं झाली, एकीनं तोंड उघडलं न्हाई. अन् तुमी आता हसतावं? हसा की. हसा, मी नावं घेते."

पारावरची म्हातारी मंडळी एकेक करून टोप्या नीट करू लागली. कुणी आभाळाकडं बघितलं. एकजण म्हणला, माझी म्हस सुटली. नरसिंग तात्याची बायकू बायकांच्या घोळक्यात व्हती; तिनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू भाईर आलंच. मग दुसरी हसली, तिसरी हसली. आता बायका हसत व्हत्या अन् गडी गप.

साहेबाला काय चाललंय ते समजंना. मास्तरला इचारलं. मास्तर म्हणाला, "सर, हे सगळं जनजागृतीचंच फलित आहे." सिस्टरनं तिथंच त्याला हात जोडले.

त्या मार्चात आमच्या गावातनं अजून दोघं गडी जीपीत बसून गेले. पाठोपाठ दोघांच्या बायका खाटंवर निजल्या. कुणी काय इचारलं न्हाई, शिरा तेवढा नेऊन दिला.

पण ते मागनं. त्या दिशी आम्ही घरला आलो. खाट मी अन् पिराजीनं दोघांनी उचलून आणली. पिराजी शाल पांघरून गोठ्यात जाऊन बसले. मी दारात उभी. आता म्हातारी मला काय बोलंल ते बोलू दे म्हणलं, आपलं चुकलंय.

आत्याबाईनं बादली धुतली. पाणी निथळायला पालथी घातली.

म्या इचारलं, "आत्याबाई, तुमाला कवा कळलं?"

"जीपीतनं उतरलीस तवाच. ज्या बाईचं पोट फाडलंय, ती दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकताना वाकती. तू ताठ व्हतीस. अन् तो वाकला व्हता."

"मग मला घालून पाडून बोलला का न्हाई? शिरा कशाला करून घातला? खळ्यात पाट्या का उचलल्या?"

म्हातारीनं पालथ्या बादलीचं बूड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "माझ्या सासूला कळलं व्हतं. तिसऱ्या दिशी तिनं मला खाटंवरनं उठवून खुरपायला धाडली. तेवढं दोन दिस निजले बघ मी जन्मात. त्या दोन दिसांची चव मला आज बी आठवती. म्हणलं, हिला तरी पोटभर निजू दे."

मी खाली बसले अन् तिचं पाय धरले. तिनं पाय मागं घेतलं, असलं तिला आवडायचं न्हाई.

"धार काढायची टायम झाली," मी डोळं पुसत म्हणले. "द्या, मी काढते आज."

तिनं पालथी बादली सरळ केली, चेपल्या बाजूवर हात फिरवला, अन् माझ्या हातात देता देता पुन्हा मागं घेतली.

"उद्यापासनं तू काढ. बादली बी तूच वापर," म्हणाली. "आजचा दिस अजून नीज. मी कुणाला सांगत न्हाई."